विजेचे थॉइंग युनिट: रेतनासाठी घ्यावे की थर्मास पुरे?

गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, म्हणजे स्ट्रॉ, आधी कोमट पाण्यात वितळवावी लागते. त्यासाठीचे विजेचे थॉइंग युनिट म्हणजे पाण्याचा छोटा डबा, हीटर, तापमानाचा आकडा आणि वेळ संपली की वाजणारा बझर. 37 अंश सेल्सियस आणि 30 सेकंद, एवढेच त्याने सांभाळायचे. गोव्यातल्या सत्तरी, सांगे, केपे भागात वाड्या-वाड्यांवर रोज चार-पाच रेतने करणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे.

कारण स्ट्रॉमध्ये वाया घालवण्याइतके काही नसतेच. 0.25 मिलीच्या स्ट्रॉत सुमारे 2 कोटी शुक्रजंतू असतात. गोठवताना बर्फाच्या स्फटिकांनी आणि पेशीभोवती दाटलेल्या क्षारांनी बरेच मरतात. वितळवल्यावर निदान निम्मे हलते असावेत, हाच चांगल्या मात्रेचा (एका स्ट्रॉतल्या रेताचा) निकष. वाचलेल्यांचेही आवरण कमकुवत झालेले असते, गर्भाशयात ते ताज्या वीर्याइतके टिकत नाहीत. म्हशीचे रेत तर याहून नाजूक. अशी स्ट्रॉ काखेत, खिशात किंवा नळाच्या पाण्यात हळूहळू वितळवली की बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि उरलेली आवरणेही फाटतात. उलट पाणी 45 अंशांवर गेले तर मात्रा जळालीच समजा.

यंत्राचा खरा दोष आकड्यात आहे. सेन्सर हीटरजवळ असेल तर पडद्यावर 37 दिसते आणि स्ट्रॉभोवतीचे पाणी थंडच असते. पाणी ढवळून काचेच्या थर्मामीटरने पडताळा घ्या. नव्या यंत्राचा पहिल्या दिवशी, पुढे दर आठवड्याला. स्ट्रॉ पूर्ण बुडेल इतके पाणी हवे. एका वेळी एकच स्ट्रॉ टाका, चार एकदम टाकल्या तर पाण्याचे तापमान उतरते. घरून निघतानाच कोमट पाणी भरले की तापायची वाट पाहावी लागत नाही. बारा व्होल्टची वायर गाडीत चालते, पण बहुतेक रेतन दुचाकीवरूनच होते आणि पावसाळ्यात गोठ्यात वीज असेलच असे नाही. त्यामुळे कोमट पाण्याचा थर्मास सोबत ठेवावाच लागतो.

आणि गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की दोष यंत्राला देऊन चालत नाही. बहुतेक नुकसान त्या 30 सेकंदांच्या आधी किंवा नंतर होते. स्ट्रॉ ठेवलेला डबा (कॅनिस्टर) द्रव नायट्रोजनच्या कंटेनरच्या तोंडापर्यंत वर ओढून सांडाचा नंबर वाचत बसणे ही सर्वांत महागडी चूक. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांवर असतो, तोंडाशी मात्र तापमान झपाट्याने चढते. कॅनिस्टर मानेच्या खालच्या भागातच धरा, लांब चिमट्याने स्ट्रॉ उचला. पाच-सहा सेकंदांत सापडली नाही तर पुन्हा खाली सोडून थोडे थांबा. अर्धवट वितळलेली स्ट्रॉ परत गोठवू नका, ती गेली. कंटेनरच्या मानेवर बाहेरून दव किंवा बर्फ धरला तर निर्वात थर बिघडला आहे, मात्रा तातडीने दुसऱ्या कंटेनरमध्ये हलवा.

स्ट्रॉ बाहेर काढल्यावर टिपकागदाने कोरडी करा; पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्रजंतू फुगून मरतात. कापसाचे टोक गनच्या (रेत सोडायच्या नळीच्या) दट्ट्याकडे ठेवा, दुसरे बंद टोक सरळ काटकोनात कापा. तिरके कापले तर शीथमध्ये (गनवरच्या प्लास्टिकच्या आवरणात) नीट बसत नाही आणि रेत मागे गळते. पावसाच्या गार वाऱ्यात गन शर्टाच्या आत धरा. दहा-पंधरा मिनिटांत, गर्भाशयमुखाच्या जरा पुढे, हळू सोडा.

गोव्याच्या श्वेत कपिलेसारख्या गावठी गायींचा माज संकरित गायींपेक्षा कमी वेळ टिकतो, त्यामुळे वेळ चुकली तर उत्तम यंत्रही उपयोगी नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. डुकराचे वीर्य मात्र 17 अंशांवर द्रवरूपातच ठेवलेले असते, ते या डब्यात बुडवायचे नाही.

महिन्याला दोन-तीन रेतने होणाऱ्या गोशाळेने हे यंत्र घेऊ नये. रुंद तोंडाचा थर्मास, काचेचा थर्मामीटर आणि सेकंदकाट्याचे घड्याळ पुरते. तो पैसा लांब चिमटा आणि नायट्रोजनची पातळी मोजायच्या पट्टीवर घाला.