जँगो आणि पोस्टग्रेस : मराठी नोंदींच्या कसोटीवर

वाचनालयाचे सभासद, पतसंस्थेच्या ठेवी, शाळेचे प्रवेश, सोसायटीची देखभाल वर्गणी अशा कामांचे वेब अ‍ॅप दोन-तीन जणांनी मिळून बांधायचे असेल, तर आमची पहिली पसंती जँगो (पायथन भाषेतली वेब अ‍ॅप बांधण्याची चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) या जोडीलाच आहे. मात्र मराठी नावे आणि पत्ते साठवायचे असतील, तर काही गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवून घ्याव्या लागतात. त्या नंतर दुरुस्त करणे फार महागात पडते.

जँगोची सर्वांत मोठी कमाई म्हणजे त्याचा तयार अ‍ॅडमिन, म्हणजे माहिती भरण्याचे आणि सांभाळण्याचे आयते पडदे. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ मध्ये हे काम सुरू झाले आणि २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. बातमीदारांना स्वतः माहिती भरता यावी, ही तिथली गरज होती आणि ती आजही त्याच्या घडणीत दिसते. मॉडेल (टेबलाचे पायथनमधले वर्णन) लिहून नोंदवले की यादी आणि कोणी काय बदलले याचा इतिहास आयता मिळतो, शोध आणि गाळणी एकेका ओळीत जोडता येतात. कारकुनासाठी वेगळे पडदे बांधण्याचे कित्येक आठवडे वाचतात. दोन पथ्ये मात्र पाळा. पैशाच्या नोंदींवर 'ऑन-डिलीट'ला (मूळ नोंद पुसल्यावर काय करायचे ते) कॅस्केड (सोबत पुसणे) देऊ नका, प्रोटेक्ट (पुसण्यास मनाई) द्या. नाहीतर सभासद पुसला की त्याच्या पावत्याही जातात. आणि रक्कम फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवू नका, डेसिमल फील्डच वापरा.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस सोडून पोस्टग्रेस का? मुख्य कारण मायग्रेशन, म्हणजे टेबलांच्या रचनेत केलेले बदल. टेबलाची रचना बदलताना पाचपैकी तिसऱ्या पायरीवर चूक झाली, तर पोस्टग्रेस आधीच्या दोन्ही पायऱ्या मागे घेतो. मायएसक्यूएलमध्ये रचना अर्धवट बदललेली राहते आणि ती हाताने निस्तरावी लागते. मोंगोडीबी (सैल रचनेचा डेटाबेस) या कामाला नको. पावती, खाते आणि सभासद यांचे नाते पक्के असते आणि ते डेटाबेसनेच राखलेले बरे. हाताशी फक्त स्वस्त शेअर्ड होस्टिंग असेल, तर लाराव्हेल (पीएचपी भाषेतली तशीच चौकट) घ्या. सतत जिवंत संवाद चालणारे अ‍ॅप असेल, तर नोडचा (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) विचार करा.

आता मराठीकडे. पहिला धक्का स्लगचा, म्हणजे पानाच्या वेबपत्त्यात येणाऱ्या शब्दाचा. जँगोचे स्लगिफाय फंक्शन नेहमीच्या सेटिंगमध्ये 'पुणे' या शब्दाचे काहीच शिल्लक ठेवत नाही, रिकामी ओळ परत येते. युनिकोडची परवानगी दिली की 'पण' येते, आणि 'पाणी' दिले तरी 'पण'च येते. पायथनचा रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर तपासण्याचा नमुना) काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही, म्हणून त्या गळतात. त्यात जँगोचा वेबपत्ता तपासणारा 'स्लग' कन्व्हर्टर रोमन अक्षरे, आकडे, रेघ आणि अंडरस्कोअर एवढेच स्वीकारतो. सरळ उपाय असा, की वेबपत्त्यात नोंदीचा क्रमांक ठेवावा आणि सोबत हवे तर रोमन नाव हाताने भरावे.

दुसरा प्रश्न अनुक्रमाचा. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. नुसत्या संकेतांकांवर लावलेली यादी 'कळस, कवठ, कहर' अशी येते. शब्दकोशात मात्र 'कवठ, कहर, कळस' असते. पोस्टग्रेसमध्ये १०व्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीची कोलेशन (अनुक्रमाचे नियम) आहेत, त्यातले 'एमआर-एक्स-आयसीयू' मराठीचे. जँगोच्या कॅरॅक्टर फील्डला 'डीबी-कोलेशन' म्हणून ते द्यावे आणि हेच तीन शब्द टाकून क्रम तपासावा.

शोध हा या जोडीचा कच्चा भाग आहे. पोस्टग्रेसच्या मजकूर-शोधात मराठीची तयार मांडणी नाही, त्यामुळे 'सिम्पल' मांडणी वापरावी लागते आणि तिला विभक्ती कळत नाही. 'घर' शोधले तर 'घरात', 'घराला' सापडत नाहीत. शब्दाच्या सुरुवातीवरून शोध लावला की ते सापडतात, पण 'शाळा' टाकल्यावर 'शाळेत' तरीही निसटते, कारण सामान्यरूपात शेवटचा स्वरच बदलतो. शोधायच्या शब्दाचा शेवटचा काना किंवा वेलांटी काढून 'शाळ' एवढ्यावर शोध घेतला, तर निकाल बरेच सुधारतात, थोडे नको असलेलेही येतात. 'पाणी' आणि 'पाण्यात' हीही गाठ तशीच सुटते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे 'दुसऱ्या'सारखे शब्द. यातला अर्धा र कुणाचा कीबोर्ड 'ऱ' आणि हलन्ताने लिहितो, कुणाचा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक यांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपे एकसारखी करणे) हा फरक मिटवत नाही. नोंद जतन होण्यापूर्वी दुसरे रूप पहिल्यात बदलणारी एक ओळ स्वतः लिहावी आणि शोधाच्या शब्दालाही तीच लावावी.

फील्डची लांबी मोजताना 'ज्योत्स्ना' आठवावी. बोलायला दोन अक्षरे, पण युनिकोडच्या हिशेबात दहा चिन्हे. पूर्ण नावाला ५० अपुरे पडतात, २०० ठेवा. मोबाइल क्रमांक तपासताना 'बॅकस्लॅश-डी' (नमुन्यातली 'कोणताही आकडा' ही खूण) टाळा, कारण पायथनमध्ये ते देवनागरी आकडेही स्वीकारते. मग एकच क्रमांक दोन लिप्यांत दोनदा नोंदवला जातो आणि युनिक (एकमेव असण्याच्या) अटीला पत्ता लागत नाही. 0 ते 9 या इंग्रजी आकड्यांचीच मर्यादा स्पष्ट लिहा.

उभारणीत नेहमी चुकणाऱ्या जागा थोड्या आहेत. नव्या प्रकल्पात टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्याहून साडेपाच तास मागे) असतो. तो 'एशिया/कोलकाता' केला नाही, तर पहाटे साडेपाचपूर्वीची नोंद आदल्या तारखेला दिसते. स्वतःचे यूझर मॉडेल पहिल्या मायग्रेशनआधीच ठेवा. डीबग (चाचणीची सेटिंग) बंद केल्यावर अ‍ॅडमिनची सजावट उडते, कारण स्टॅटिक फाइल्स (सजावटीच्या फाइल्स, चित्रे) आता कुणीच पाठवत नाही. त्यासाठी व्हाइटनॉइज बसवून कलेक्टस्टॅटिक चालवा. यादीचे पान संथ झाले, तर बहुधा प्रत्येक ओळीमागे एक वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारणा) जात असते, ती टाळायला सिलेक्ट-रिलेटेड लावा. गनिकॉर्नला (जँगो चालवणारा सर्व्हर) प्रोसेसरच्या कोअरच्या दुप्पट अधिक एक, म्हणजे २ कोअरवर ५ वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया) पुरतात. पण एसएमएस पाठवणे पानाच्या विनंतीत ठेवले आणि ती सेवा अडकली, तर हे पाचही वर्कर ताटकळत बसतात. ते काम सेलरीकडे (पानाला न अडवता मागे कामे करणारे साधन) द्या.

जँगोची आवृत्ती ५.२ घ्यावी. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या या दीर्घकालीन आवृत्तीला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत, आणि तिला पायथन ३.१० व पोस्टग्रेस १४ किंवा त्यापुढचे लागते.