ग्रॅन्युल (गाळाचे दाणे) बनवायची पावडर: २ स्टार, तेही सर्व्हिसला आलेल्या पोराला

आमचा सांडपाण्याचा प्लांट एसबीआर, म्हणजे एकाच टाकीत पाणी भरायचं, हवा द्यायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी काढायचं. गाळ, म्हणजे पाणी साफ करणारे बॅक्टेरियाच, कायम फुगलेला. एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ अर्धा तास बसल्यावर किती मिली जागा घेतो तो आकडा, कमी तेवढा चांगला) दीडशेच्या खाली उतरेचना, म्हणून ही पावडर मागवली. पाकिटावर ठसठशीत छापलंय, १५ दिवसांत दाणेदार गाळ. रोज सांगितला तेवढा डोस टाकला, एकही दिवस चुकवला नाही. महिना झाला तरी गाळ किती बसतो ते बघायच्या मापाच्या सिलिंडरमध्ये तो ढगासारखा लोंबतोच आहे. फोन केला तर म्हणे डोस डबल करा. केला. फेस वाढला, बाकी शून्य.

आत कॅल्शियम आणि सुकवलेले बॅक्टेरिया आहेत म्हणतात. कॅल्शियमने कण एकमेकांना धरायला थोडी मदत होते हे खरंय, पण दाणा म्हणजे काय पीठ मळून वळलेली गोळी नाही हो. बॅक्टेरिया स्वतःच चिकट पदार्थ सोडतात, त्यात एकमेकांना धरून वाढतात, पण सुट्या, हलक्या गाळाला टाकीत आरामात राहता येत असेल तर दाण्याला पुढे जायला संधीच मिळत नाही.

हे मला कळलं तक्रारीनंतर आलेल्या पोराकडून. त्याने पावडरीकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ पीएलसीसमोर, म्हणजे टाकीच्या वेळा ठरवणाऱ्या कंट्रोलरसमोर, बसला आणि विचारलं, सेटलिंगला ४० मिनिटं कशाला देताय? एवढा वेळ दिला तर हलका गाळही निवांत बसतो आणि पुढच्या सायकलला, म्हणजे भरण्या-काढण्याच्या पुढच्या फेरीला, परत हजर. वेळ कमी केला की हळू बसणारा पाण्याबरोबर बाहेर जातो, पटकन बसणारा मागे राहतो आणि हळूहळू टाकी त्याचीच होते. दुसरं म्हणजे आम्ही भरतानाच हवा चालू ठेवायचो. त्याने हवा बंद करून पाणी खालून, बसलेल्या गाळातून सावकाश चढवायला लावलं. अशाने अन्न साठवून ठेवणारे, हळू वाढणारे बॅक्टेरिया आधी जेवून घेतात, मग हवा सुरू झाल्यावर बाहेर खायला फारसं उरत नाही आणि भसाभस वाढणाऱ्या, गाळ फुगवणाऱ्या तंतूवाल्या बॅक्टेरियांची उपासमार होते.

मी शहाणपणा करून ४० वरून थेट ५ मिनिटांवर आणलं. दोन दिवसांत अर्ध्याहून जास्त गाळ वाहून गेला, आउटलेट चहासारखं! मग गपगुमान दर आठवड्याला थोडं थोडं कमी केलं. गढूळ पाणी धरायला जुनी रिकामी टाकी होती म्हणून निभावलं, नाहीतर या काळात आउटलेटचे रिपोर्ट बिघडणारच, हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नाही.

नवव्या आठवड्यात पांढऱ्या बशीत थोडा गाळ घेऊन हलक्या धारेखाली धुतला, तर तळाशी खसखशीएवढे पिवळसर दाणे, बोटाने ढकलले तरी न फुटणारे. मी बायकोलासुद्धा फोटो पाठवला, तिने उत्तर दिलं नाही. आता एसव्हीआय ६० च्या आसपास, आणि खरी खूण म्हणजे सिलिंडरचं ५ मिनिटांचं आणि ३० मिनिटांचं रीडिंग जवळपास सारखंच. नायट्रोजनही उतरलाय, कारण दाण्याच्या बाहेरच्या थरात ऑक्सिजन पोचतो तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं आणि आतल्या ऑक्सिजन नसलेल्या भागात त्याच नायट्रेटचा वायू होऊन उडून जातो, एका दाण्यात दोन्ही कामं.

नेदरलँड्सात एपे इथे २०१२ पासून शहराचं सांडपाणी अशाच दाण्यांवर साफ होतंय, तिथेही सगळा खेळ सायकलचाच.

कंपनीवाले आता म्हणतायत बघा आमच्या पावडरीने दाणे झाले. अहो, पाचव्या आठवड्यापासून मी ती टाकलेलीच नाही, सहा पाकिटं स्टोअरमध्ये सीलबंद पडून आहेत, कुणाला हवी असतील तर घेऊन जा.