स्टिकर २००जीचं, कार्ड १००जीचं

सांगली-मिरजेतल्या केबलवाल्यांना आम्ही इंटरनेट पुरवतो. कराड, साताऱ्यावरून पुण्यापर्यंत भाड्याची डार्क फायबर आहे, म्हणजे नुसती काच, दोन्ही टोकांची यंत्रं आमची. दिवाळीच्या आधी त्यावरची १००जी (सेकंदाला शंभर गिगाबिटची) लाइन भरली. एका ओटीयू४मध्ये, म्हणजे १००जीच्या एका चौकटीत, टेन-जीची दहा गिऱ्हाइकं मावतात, अकरावं मावत नाही, आणि अकरावं दारात उभं होतं. फायबरच्या टोकाला लागणारं २००जी कार्ड कंपनीकडून नवं घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून पुण्यातल्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे गेलो.

त्यानं माझ्यासमोर दोन कार्डं चॅसीत (कार्डं बसवायच्या पेटीत) घातली, मध्ये दोन मीटरची पॅचकॉर्ड, म्हणजे फायबरची छोटी वायर, आणि प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर लावला. लाइन २००जीवर उठली. अर्ध्या तासात टेस्टरवर एकही एरर नाही. "साहेब, निर्धास्त राहा, लायसन्स तुमच्या नावावर करून देतो." त्याच दिवशी साडेअकरा लाख आरटीजीएस केले. तपासलेली कार्डं मात्र मी त्याच्या टेबलावरच सोडून आलो. पार्सल चार दिवसांनी आलं.

रात्री दोनला काम घेतलं. कार्ड बूट झालं, हिरवा दिवा लागला, पण लाइन पोर्टला क्यूपीएसके, म्हणजे १००जीची सिग्नल पद्धत, एवढाच पर्याय. २००जीला लागणारी १६-क्वाम दिसेचना. व्यापारी म्हणाला, फर्मवेअर बदला. त्यात तीन रात्री गेल्या. शेवटी आमच्या इंजिनिअरनं इन्व्हेंटरीची, म्हणजे कार्डाची आतली ओळख वाचायची, कमांड मारली. कार्डाच्या मेमरीत १००जीचा पार्ट नंबर, आणि सिरियल बाहेरच्या स्टिकरपेक्षा वेगळा! नखानं स्टिकर सोललं, तर खाली मूळचं. आतला सिरियल कंपनीला कळवला. ते म्हणाले, हे कार्ड दुसऱ्याच ग्राहकाच्या नावावर आहे, लायसन्स मिळणार नाही.

जुनं कार्ड घेणार असाल तर पैसे देण्याआधी ते स्वतःच्या चॅसीत घाला आणि इन्व्हेंटरी वाचा. चॅसीचा स्लॉट किती जीचा तेही बघा. चॅसीचं फॅब्रिक (कार्डांना आतून जोडणारा भाग) जुनं असेल तर २००जी कार्डही मागे १००जीवरच अडतं. आणि पॅचकॉर्डवरच्या चाचणीवर जाऊ नका. त्याच बॉड रेटला (सिग्नलच्या वेगाला) १६-क्वामला क्यूपीएसकेपेक्षा ६-७ डीबी जास्त ओएसएनआर लागतो, म्हणजे गोंगाटाच्या मानानं सिग्नल तेवढा जास्त स्वच्छ हवा. हायवेच्या सहापदरीकरणात आमची फायबर इतक्यांदा तुटून जोडली गेलीय, की खरं २००जी कार्ड आलं असतं तरी ते पुण्यापर्यंत चाललंच असतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

बिलावर लिहिलंय, 'टेलिकॉम कार्ड, २ नग, एचएसएन ८५१७'. ना मॉडेल, ना सिरियल. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "त्यानं २००जी विकलं हे कागदावर कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही. मग इंजिनिअरच्या मोबाइलात डेमोच्या वेळचा एक फोटो सापडला. त्यात स्क्रीनवर दोन्ही कार्डांचे सिरियल आणि २००जी स्पष्ट दिसतं, आणि आमच्याकडे आलेल्या कार्डांवर चिकटवलेले नंबर तेच आहेत. तक्रार आता त्या एका फोटोवर उभी आहे.