जिप्सीचा पुढचा एक्सल शाफ्ट घरीच बसवला, 11 महिन्यांनंतरचा अनुभव

पुढचा एक्सल शाफ्ट म्हणजे फोर बाय फोरमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा. तो बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी "एकदम भारी, काही प्रॉब्लेम नाही" असं लिहिणारे लय जण बघितले म्हणून मी मुद्दाम थांबलो. गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाफ्ट बसवला, दिवाळीच्या आधी तोच सगळा परत उघडावा लागला, आणि तिथून पुढं आजपर्यंत गाडी रोज रानात जायलीय. एक ऊस तोडून झाला, एक उन्हाळा गेला, आता दुसरा पावसाळा चालू आहे. साधारण 9 हजार किलोमीटर झाले असतील, त्यातले निम्मे तरी पाणंदीचे.

गाडी मारुती जिप्सी किंग, 1.3 पेट्रोल. नवीन जिप्सी 2019 पासून बंद झाली, त्यामुळं ज्याच्याकडं आहे तो जीवापाड जपतो आणि मी पण त्यातलाच. आमचं रान केज तालुक्यात, मांजरेच्या बाजूला, सगळी काळी माती. ज्यांनी ही माती पावसाळ्यात बघितली नाही त्यांना सांगून कळणार नाही, एक जोराचा पाऊस झाला की चाकाला इतकी चिकटते की टायरची नक्षीच दिसत नाही, नुसता गुळगुळीत गोळा फिरतो. ट्रॅक्टर सोडला तर आखाड्यापर्यंत जाणारी ही एकच गाडी.

तुटला कसा ते आधी, कारण चूक तिथंच आहे. ऑगस्टमध्ये वड्याच्या कडंला गाडी रुतली. फोर बाय फोर लो टाकलेला (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त), पुढच्या चाकांचे दोन्ही हब लॉक (म्हणजे चाक शाफ्टला जोडलेलं), स्टेअरिंग डावीकडं पूर्ण कापलेलं आणि मी रिव्हर्समध्ये ॲक्सिलेटर दाबला. टण्ण असा आवाज आला, लोखंडी घंटेवर हातोडा मारल्यासारखा, आणि पुढची ताकद गेली. दोन्ही चाकांची. पुढं साधं ओपन डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गियर) असतं, एका बाजूचा शाफ्ट तुटला की सगळा जोर त्या तुटलेल्या बाजूलाच मोकळा फिरतो आणि चांगल्या बाजूच्या चाकाला पण काही मिळत नाही. हे मला त्या दिवशी चिखलात उभं राहून कळलं. शेवटी चुलत्याच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली, दोन्ही हब फ्री केले आणि हळूहळू घरी आणली. हब फ्री करायला विसरू नका, नाहीतर तुटलेले तुकडे नकलच्या (चाकामागचं वळणारं घर, ज्यात शाफ्टचा जॉइंट असतो) आत चाकाबरोबर फिरत राहतात, आणि एखादा आडवा अडकला तर स्टेअरिंगच जाम होऊ शकतं.

जिप्सीच्या शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला जो जॉइंट असतो त्याला बर्फील्ड म्हणतात, नाव एका ब्रिटिश कंपनीवरून पडलं पण मूळ कल्पना अमेरिकेत फोर्डमध्ये काम करणाऱ्या अल्फ्रेड रझेप्पा या इंजिनिअरची, 1920 च्या दशकातली. वाटीसारखा एक कप, आत चांदणीसारखा तुकडा, मधी जाळी आणि 6 गोळ्या. चाक वळलेलं असलं तरी एकसारख्या वेगानं फिरवतो, काम सुंदर आहे. पण चाक जितकं जास्त वळलेलं तितका हा कमजोर. सरळ चाकात जे सहन करतो ते पूर्ण कापलेल्या चाकात करत नाही. त्यात माझे टायर 235/75 आर 15, कंपनीचे 205/70. हिशोब केला तर व्यास 668 मिलिमीटरवरून 733 वर जातो, म्हणजे तेवढ्याच ओढीसाठी शाफ्टला जवळपास 10 टक्के जास्त पीळ पडतो, टायरचं वजन वाढलं ते वेगळंच. लो रेंज, मोठे टायर, पूर्ण कापलेलं चाक आणि रिव्हर्स, चारही गोष्टी मी एकाच वेळी केल्या.

आणि महिनाभर आधीपासून तो सांगत होता हो. हब लॉक करून वळवलं की कटकट कटकट आवाज यायचा, हब फ्री केला की बंद. अगदी पक्की खूण आहे ही. मी ती ब्रेकची समजून सोडून दिली, याचं आजही वाईट वाटतं.

अंबाजोगाईचे आमचे मिस्त्री मामा, तीस वर्षं जीप आणि जिप्सीवर हात असलेला माणूस, त्यांनी आधी फक्त बघितलं आणि म्हणले, "खोल तूच, मी शेजारी बसतो, पुढच्या टायमाला मला बोलावायचं काम नाही." त्यांचे उपकार आहेत, कारण त्यामुळंच आज हे लिहायलो.

खोलायला कामं बरीच असली तरी सोपी आहेत. चाकाचे नट आधी जमिनीवर ढिले, मग जॅक, मग एक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड), नुसत्या जॅकवर अजिबात नाही. ब्रेकचं कॅलिपर काढून तारेनं वर बांधायचं, होजवर लोंबकळत ठेवायचं नाही. लॉकिंग हबचं टोपण, आतलं सर्कलिप (शाफ्ट अडकवणारी कडी), मग बेरिंगचा मोठा लॉक नट. इथं नव्वद टक्के लोक छन्नी हातोडी काढतात, मी खूप गाड्यांचे नट चेचलेले बघितलेत. मी लातूरच्या लेथवाल्याकडून पाईपाला खाचा पाडून सॉकेट बनवून घेतला आणि आतापर्यंत तीन वेळा कामाला आला. हब डिस्कसकट बाहेर, मग स्पिंडलचे (हब ज्यावर फिरतो ती पोकळ नळी) बोल्ट, स्पिंडल थोडं ठोकून निघतं, आणि मग शाफ्ट सरळ ओढायचा. खाली टब ठेवा, डिफरन्शियलचं ऑइल येतं.

माझ्या नकलमधून जे निघालं ते ग्रीस नव्हतं, राखाडी आमटी होती. काळं मोली ग्रीस जिथं पाहिजे तिथं गियर ऑइल, पाणी आणि थोडीफार माती. एक्सल हाऊसिंगच्या टोकाला जे आतलं ऑइलसील असतं ते कडक होऊन गेलेलं, डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस धुऊन नेत होतं. जॉइंट कितीतरी दिवस कोरडा चाललेला. कपाला चीर पडून एक तुकडा निघालेला, जाळी दोन ठिकाणी तुटलेली. सगळे तुकडे मी फडक्यावर मांडून जुळवून बघितले, एक नखाएवढा कमी होता तो दोन तास शोधून नकलच्या तळाशी सापडला. तो आत राहिला असता तर नवीन जॉइंटचं वाटोळं झालं असतं.

आता पार्ट. लेथवाला म्हणला वेल्डिंग करून देतो. नको. या लोखंडाला वरून कडकपणा दिलेला असतो, वेल्डिंगच्या उष्णतेनं तो तिथंच मरतो, आणि तुटायचा तो त्याच्या शेजारीच तुटतो. मग बाजारातला एक लोकल नवीन सेट आणला, कुणाचा ते सांगत नाही. मामांनी त्याच्यावर बारीक कानस मारली तर कानसनं लोखंड खाल्लं. चांगल्या जॉइंटवर कानस घसरते, धरत नाही. तो तसाच परत केला. शेवटी संभाजीनगरला जुन्या गाड्यांचे पार्ट काढणाऱ्याकडं एका निकाली निघालेल्या जिप्सीचा कंपनीचा शाफ्ट मिळाला, नवीनच्या निम्म्याहून कमी पैशात. घेताना बघितलं ते असं, कपात गोळ्यांच्या वाटेवर खड्डे आहेत का, जाळीला निळसर डाग आहेत का, शाफ्टच्या टोकावरचे स्प्लाइनचे दात पिळलेत का, आणि जुना शाफ्ट शेजारी ठेवून लांबी आणि दात मोजले. डावा उजवा शाफ्ट सारखा नसतो, एक लांब एक आखूड, फोनवर नुसतं जिप्सीचा शाफ्ट म्हणून मागवू नका.

आणि मग माझी दुसरी चूक. नवीन आतलं सील मी आणलं होतं पण ते गावातल्या दुकानातलं, नाव नसलेलं, हातात घेतल्यावरच रबर कडक लागत होतं. मामा म्हणले थांब चार दिवस, चांगलं मागवू. पण सोयाबीनच्या फवारणीला पाणी न्यायचं होतं म्हणून मी घाई केली. बसवताना शाफ्ट पण थोडा तिरका गेला. शाफ्टचं टोक सीलमधून जाताना त्याचे दात सीलच्या ओठावर (आतल्या रबरी कडेवर) घासले तर ओठ कापला जातो, बाहेरून काही दिसत नाही. सव्वा महिन्यात नकलच्या गोळ्यावर (एक्सलच्या टोकाचा गोल भाग, ज्यावर नकल वळते) ऑइलची ओली रेघ दिसली. दिवाळीच्या आधी परत सगळं खोललं. ग्रीस पातळ व्हायला सुरुवात झालेली, जॉइंट मात्र वाचला.

दुसऱ्यांदा जे केलं तेच आजपर्यंत टिकलंय म्हणून ते नीट सांगतो. सील चांगल्या कंपनीचं, बसवायच्या आधी हाऊसिंगची जागा बारीक एमरीनं साफ, सील सरळ ठोकायला तेवढ्याच मापाचा पाईपचा तुकडा, एका बाजूनं हातोडी मारत बसायचं नाही. ओठाला ग्रीस. शाफ्टच्या दातांना पण ग्रीस, आणि घालताना एक जण शाफ्ट दोन्ही हातांनी आडवा तोलून धरतो, दुसरा मागून बॅटरी दाखवतो, सीलमधून पार होईपर्यंत त्याचं वजन सीलवर येऊच द्यायचं नाही. डिफरन्शियलमध्ये दात लागत नाहीत तेव्हा ढकलायचं नाही, हळू फिरवायचं, आपोआप खटकन आत जातो. तो आवाज लय समाधान देतो.

ग्रीस मोलिब्डेनम असलेलं, काळं. जॉइंटच्या आत अंगठ्यानं ठासून, एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत. नकलच्या पोकळीत अर्ध्याहून थोडं जास्त, गच्च नाही. बाजारात मिळणारं पिवळं ग्रीस चाकाच्या बेरिंगला ठीक असेल, इथं नको. स्पिंडलच्या आतल्या बुशला पण लावा, तो लोक विसरतात. किंगपिनचे (नकल ज्यावर वळते त्या खुंट्या) बेरिंग आणि बाहेरचं सील पण तेव्हाच बदलले, शिम (पातळ चकत्या) होते तेवढेच आणि त्याच जागी ठेवले, वरचे वर खालचे खाली. चाकाचं बेरिंग फिरवत फिरवत घट्ट, मग मोकळं, मग हलक्या हातानं परत, आणि लॉक वॉशर नवीन.

आणि ब्रीदर! एक्सल हाऊसिंगवर छोटी नळी असते हवा सोडायला. माझी मातीनं पूर्ण बंद होती. एक्सल गरम झाला की आत हवेचा दाब वाढतो, नळी बंद असली की तो दाब ऑइलला सीलमधून ढकलतो. आणि तापलेला एक्सल वड्याच्या गार पाण्यात गेला की उलटं होतं, आत पाणी ओढलं जातं. मला वाटतं माझं मूळचं सील यानंच गेलं असणार. आता रबरी पाईप लावून ती नळी बॉनेटच्या आत वर नेऊन बांधलीय, खर्च जवळपास काहीच नाही.

11 महिन्यांचा हिशोब असा. कटकट नाही, वळताना ओढत नाही, मी केलेल्या डाव्या बाजूची नकल कोरडी. मार्चमध्ये डिफरन्शियलचं ऑइल बदललं, जीएल 5 चं 80 डब्ल्यू 90 (गियर ऑइलचा दर्जा आणि जाडी), जुनं ऑइल स्वच्छ निघालं, त्यात काळं ग्रीस मिसळलेलं नव्हतं, म्हणजे सील दोन्हीकडून काम करायलंय. एप्रिलच्या उन्हात संभाजीनगरला जाऊन आलो, हबला हात लावून बघितला, कोमट. या जूनमध्ये त्याच वड्यात तीनदा रुतली, तीनदा निघाली.

पण चालवायची पद्धत बदललीय हे खरं. चिखलात चाक पूर्ण कापून जोर देत नाही, आधी थोडं सरळ करतो मग दाबतो, त्यात एखादी वेळ खाली उतरून फावडं मारावं लागतं तर मारतो. डांबरी रोडवर आलो की लगेच टू व्हील, कारण या गाडीला मधलं डिफरन्शियल नाही, कोरड्या रोडवर फोर बाय फोरमध्ये सगळा पीळ शाफ्टवर साठतो. आणि घरी आल्यावर त्याच संध्याकाळी नकलच्या गोळ्यावरची माती पाण्यानं काढतो. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी, पण रात्रभर वाळली की वीट होते, आणि सकाळी स्टेअरिंग फिरवलं की ती वीट बाहेरच्या सीलच्या ओठावर घासत जाते. मुरमाड रानातल्या लोकांना हे पटणार नाही, पण आमच्याकडच्या गाड्यांची बाहेरची सीलं यानंच फाटतात असं माझं ठाम मत आहे. प्रेशर वॉशर मात्र सीलवर सरळ मारू नका, पाणी आत जातं, साधी पाण्याची नळी आणि हात बस.

ज्याला फक्त डांबरी रोडवर गाडी फिरवायचीय त्यानं एवढा खटाटोप करायची गरज नाही, मिस्त्रीकडं द्या, पण समोर उभं राहून सील कोणतं टाकलं ते बघा. मोठे टायर काढून परत 205 टाकावेत का हा विचार अजून चालू आहे, चिखलात उंचीचा फायदा होतो म्हणून मन होत नाही.

मामांनी तेव्हाच सांगितलं होतं की दोन्ही बाजू एकदाच कर, एका वयाची सीलं एका वेळीच जातात. मी पैशामुळं डावीच केली. परवा गाडी धुताना उजव्या गोळ्यावर बोट फिरवलं तर बोटाला ऑइल लागलं, थोडंच, पण लागलं. आवाज अजून नाही. सील, लॉक वॉशर आणून ठेवलंय, ग्रीसचा डबा अर्धा शिल्लक आहे, सॉकेट तर आहेच. तोपर्यंत चिखलात फोर बाय फोर जपूनच वापरायचा, आणि सोयाबीन काढली की गाडी घोडीवर.