अंदमान पॅकेज: बेळगावातल्या एजंटचा अनुभव

टिळकवाडीतल्या एका एजंटकडनं डिसेंबरात अंदमान करून आलो बघा, घरची चौघं आणि निपाणीची आत्त्या. हॉटेलं चांगली होती, गाडीवाले वेळेवर, त्यात बोलायला जागा नाही. पण प्लॅनिंग म्हणजे नुसता गोंधळ की हो! नीलहून, म्हणजे आताच्या शहीद द्वीपहून, दुपारच्या फेरीबोटीनं पोर्ट ब्लेअरला यायचं आणि त्याच संध्याकाळी विमान, असं बसवून दिलेलं, आता समुद्र खवळला की बोटी रद्द होतात हे त्यांना माहीत नको काय? मीच भांडून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला करून घेतली. दुसरं, हॅवलॉक बेटावरचा राधानगर बीच साडेपाचला ठेवलेला, अहो तिकडं डिसेंबरात पाचच्या आसपासच सूर्य बुडतोय, आपल्या बेळगावसारखं सहा वाजेपर्यंत थांबत नाही. पोचलो तेव्हा अंधार, आत्त्या म्हणाली ह्यापेक्षा आपलं गोकर्ण काय वाईट होतं. हॅवलॉकला दोन रात्री तरी मागून घ्या, एकीत काय होत नाही, आणि खाजगी फेरीची तिकिटं हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. पाचपैकी तीन स्टार, तेपण गाडीवाल्यांमुळं.