कंपनीचे मेल किती वर्षं ठेवायचे, हे आयटीनं ठरवायचं की अकाउंट्सनं?

मी स्वतः आयटीत, त्यामुळे आधी माझं म्हणणं अर्थातच हेच होतं की हे आमचं काम. अ‍ॅडमिन कन्सोल आमच्याकडे, स्टोरेज भरलं की फोन आम्हालाच. आणि आयटीकडे दिलं की काम त्याच दिवशी होतं हे मान्य करायलाच हवं, सीएस (कंपनी सेक्रेटरी) मॅडमना विचारलं की 'बघून सांगते' आणि मग महिना. (ज्याचे मेल त्यानंच सांभाळावेत असंही काही ठिकाणी असतं, त्यावर बोलायलाच नको.)

पण आयटीवाल्याला मेलबॉक्समध्ये जीबी आणि लायसन्स (दर अकाउंटमागे भरायचे पैसे) दिसतं, आत काय आहे ते नाही. आमच्या परचेसचा एक जण सोडून गेला, एचआरचा एका ओळीचा मेल आला, मी लायसन्स वाचवायला अकाउंट उडवून टाकलं. आमचे मेल गूगल वर्कस्पेसवर, आणि तिथे डिलीट केलेला युजर 20 दिवसांच्या आतच परत आणता येतो. चार महिन्यांनी एक व्हेंडर प्रिंटआउट घेऊन हजर, म्हणे तुमच्या माणसानं वाढीव रेट मेलवर ओके केलाय. खरं की खोटं, आमच्याकडे ताडून बघायला काहीच नाही! व्हॉल्टमध्ये (वर्कस्पेसचं मेल जपून ठेवायचं टूल) रिटेन्शन रूल, म्हणजे मेल किती काळ ठेवायचे त्याचा नियम, होता हो, पण अख्खं अकाउंटच डिलीट केलं की व्हॉल्टमधलंही जातं. फरकाचे पैसे गेले ते गेले, पण डिलीट करताना मी कोणाला विचारलं नाही आणि विचारायचं कोणाला हेही ठरलेलं नव्हतं, हे डोक्यातून जात नाही.

अकाउंट्सवाल्यांना निदान माहीत असतं की कंपनी कायद्यानं हिशेबाची पुस्तकं 8 वर्षं ठेवायची, जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून 72 महिने, त्यामुळे रेट, पीओ (खरेदीची ऑर्डर), डेबिट नोटचे मेल त्यांना महत्त्वाचे वाटतात. उलट त्यांची खोड म्हणजे काहीच टाकायचं नाही, नोकरी न दिलेल्यांचे बायोडेटासुद्धा, आणि 2023 चा डेटा प्रोटेक्शन कायदा तर म्हणतो काम संपलं की पर्सनल माहिती काढून टाका. ते पटवून द्यावं लागतं.

पंधरा-वीस जणांची कंपनी असेल तर कदाचित मालक आणि सीएनंच ठरवलेलं बरं पडेल. आमच्यापुरतं मला तरी वाटतं किती वर्षं ते अकाउंट्स आणि सीएसनं सांगावं, आयटीनं फक्त बटण दाबावं, तेही लेखी मेल आल्यावर. मॅडम अजूनही 'बघून सांगते'च म्हणतात, तोवर मी अकाउंट नुसतं सस्पेंड करून ठेवतो, लायसन्सचे पैसे चालू राहतात, राहू देत.