आठ तुकड्यांचा मेंदू : दोन सत्रांच्या वापरानंतर

अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवताना फळ्यावर मेंदूची आकृती काढण्याचा कंटाळा आल्यामुळे गेल्या वर्षी मी आठ तुकड्यांत सुटी होणारी, खऱ्या मेंदूएवढी प्लास्टिकची प्रतिकृती ऑनलाइन मागवली. आत्मसंयम, भावना आणि दुसऱ्याच्या मनाची समज हे तिन्ही विषय तिच्यावर शिकवून झाल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की पहिल्यासाठी ती उत्तम, दुसऱ्यासाठी अपुरी आणि तिसऱ्यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे.

प्रतिकृती मधोमध दुभंगते आणि प्रत्येक अर्ध्याचे चार तुकडे होतात. कपाळामागचा आणि त्याच्या मागे, वरच्या बाजूला असलेला खंड मिळून एक, कानाजवळचा आणि डोक्याच्या मागच्या बाजूचा मिळून दुसरा, शिवाय मस्तिष्कस्तंभ (मेंदूचा खालचा देठ) आणि अनुमस्तिष्क (मागचा छोटा मेंदू) यांचे अर्धे भाग. कपाळामागच्या खंडाची खालची व आतली बाजू हातात घेऊन पाहता येते, हे तिचे मोठे बळ आहे, कारण पुस्तकातील आकृतीत मेंदू बहुधा बाहेरूनच दिसतो. फिनीअस गेज या रेल्वेच्या मुकादमाची हकिकत सांगताना याचा फार उपयोग झाला. अमेरिकेतील व्हरमाँट येथे १३ सप्टेंबर १८४८ रोजी, रेल्वेमार्गासाठी सुरुंगाची दारू ठासत असताना, ३ फूट ७ इंच लांबीची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. विणकामाची सुई प्रतिकृतीला तिरपी लावून धरताच, दृष्टी, वाचा आणि हालचाल सांभाळणारे बरेच भाग कसे वाचले आणि वर्तनाला लगाम घालणारा भाग कसा सापडला, हे मुलांना न सांगता कळते. त्याचे डॉक्टर हार्लो यांनी त्याच्या बदललेल्या स्वभावाचे वर्णन केले आणि तेवढेच पाठ्यपुस्तकांत उरले. पुढे हाच गेज चिलीमध्ये काही वर्षे घोडागाडी हाकत होता, म्हणजे तो बराच सावरला असावा, ही गोष्ट मात्र मुलांना मुद्दाम सांगावी लागते.

भावनांच्या प्रकरणात प्रतिकृती तोकडी पडते. अमिग्डाला, म्हणजे भीतीशी जोडला जाणारा बदामाच्या आकाराचा भाग, कानाजवळच्या खंडाच्या आत, पुढच्या बाजूला असतो आणि हा तुकडा भरीव प्लास्टिकचा असल्यामुळे तो कोठूनही दिसत नाही. मी त्या जागी बाहेरून खरा बदाम चिकटवतो. आकाराची उपमा तरी फुकट जात नाही. खरी हरकत रंगांना आहे. प्रत्येक खंड वेगळ्या रंगाचा असल्याने ‘भीती या लाल भागात राहते’ असे वाक्य उत्तरपत्रिकांत उतरते. दोन्ही बाजूंचा अमिग्डाला नष्ट झालेल्या ‘एस. एम.’ या महिलेला साप आणि कोळी समोर असूनही भीती वाटत नव्हती. पण ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगताच तिची घाबरगुंडी उडाली, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे भीती एकाच भागात राहत नाही. रंगीत तुकड्यांवर ही गोष्ट कशी दाखवायची?

तिसऱ्या प्रकरणातील अडचण गमतीची आहे. दुसरा काय समजून चालला आहे याचा विचार करताना विशेष सक्रिय होणारा भाग उजव्या कानाच्या वर, थोडा मागे, दोन खंड जेथे भेटतात तेथे आहे. रिबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर या संशोधकांनी २००३ मध्ये त्याकडे लक्ष वेधले. आमच्या प्रतिकृतीत नेमका तेथूनच जोड जातो, म्हणजे तुकडे वेगळे केले की दाखवायची जागाच दुभंगते. खुंटीही तिथलीच पहिल्या सत्रात सैल झाली आणि आता रबर बँड लावावा लागतो.

विक्रेत्याने खुंटी बदलून देण्याबाबत उत्तर दिले नाही. सोबतचा क्रमांकांचा तक्ता केवळ इंग्रजीत आहे. मराठी तक्ता मी स्वतः तयार केला. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गासाठी एक प्रतिकृती पुरते, मात्र पाच तुकड्यांची स्वस्त आवृत्ती घेण्यापूर्वी कपाळामागचा खंड वेगळा निघतो की नाही हे विचारून घ्यावे.